दोष फणसाला, वाट पाण्याची

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अंजनवेल, वेलदूर, धोपावे या पट्ट्यात एखाद्या घरी पोर आजारी असेल, तर उशाशी बसलेली आजी सांगते, "फणस बाधला." फणस नसेल तर आंबा, आंबा नसेल तर परवाच्या लग्नातलं जेवण. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते तिथे दक्षिणेच्या अंगाला हे अंजनवेल. डोक्यावर गोपाळगड, खाली खाडी, मागे कातळाचा सडा. पावसाच्या तोंडावर इथल्या मुलांची पोटं बिघडतात हे खरं आहे. आजीला आजार बरोबर दिसतो, पण त्याचं कारण ती दुसरीकडेच शोधते.

फणसाला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. पिकलेल्या गऱ्यांत साखर आणि चोथा भरपूर असतो. एका बैठकीला वीस-पंचवीस गरे पोटात गेले, की न शोषली गेलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात, पोट गुबारतं आणि एक-दोनदा पातळ होतं. पण त्यात ताप नसतो, शौचातून रक्त पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळत असतं. तीन दिवस थांबत नाहीत असे जुलाब, अंगात कणकण, एकाच वाडीत चार घरांत एकाच वेळी झोपलेली मुलं, हे फणसाचं काम नव्हे.

फणस बदनाम होतो तो वेळेमुळे. फणस-आंब्याचा शेवट येतो त्याच दिवसांत पहिला जोराचा पाऊस पडतो. सात-आठ महिने जमिनीवर साचलेली सगळी घाण त्या पाण्याबरोबर पऱ्ह्यात, झऱ्यात, विहिरीत उतरते. माश्या वाढतात. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांमुळे घरात माणसं दुप्पट झालेली असतात, शौचालय मात्र तेवढंच. आपण ताटाकडे बोट दाखवतो आणि तांब्यातल्या पाण्याकडे पाहायचं राहून जातं. जंतू विष्ठेतून पाण्यात आणि हातांवर येतो, तिथून तोंडात जातो. ही वाट उघडी ठेवून ताटातला पदार्थ कितीही बदलला, तरी आजार थांबत नाही.

"आमच्या झऱ्याचं पाणी बारमाही आणि नितळ, त्याला काय झालंय?"

कोकणातली घरं ज्या जांभ्याची, तो दगड बाहेरून भक्कम आणि आतून पोकळ्यांनी, नळ्यांनी भरलेला असतो. खोल मातीतून पाणी सावकाश झिरपतं, तेव्हा माती गाळणीचं काम करते आणि बरेचसे जंतू वाटेतच अडकून मरतात. जांभ्यातल्या भेगांतून पाणी न गाळता धावतं. सकाळी सड्यावर पाऊस आणि संध्याकाळी खालचा झरा फुगलेला, हे गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ज्या वाटेने तो पाऊस उतरतो, त्याच वाटेने वरच्या घराच्या शोषखड्ड्यातलं पाणीही उतरू शकतं.

२०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानातून घरोघरी शौचालयं झाली आणि ती व्हायलाच हवी होती. उघड्यावरची विष्ठा हा याहून मोठा धोका होता. पण विहीर आणि शोषखड्डा यांत दहा मीटर अंतर ठेवा, असं जे सर्वसाधारणपणे सांगितलं जातं, ते मातीच्या जमिनीचा विचार करून. भेगाळलेल्या कातळात दहा मीटर पुरत नाहीत, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा असेल तर त्याहून जास्त अंतरही भरवशाचं नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हा खड्डा आणि विहीर यांतला कोरडा थरही उरत नाही. शौचालय बांधून झालं की काम संपलं, असं कोकणात तरी मानता येत नाही. खड्डा कुठे खणला, याला तितकंच महत्त्व आहे.

नितळपणावर विसंबू नये. विषमज्वराचा जंतू पाण्याला रंग देत नाही, वास देत नाही. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, जंतू तसेच राहतात. वस्त्रगाळ करण्याची जुनी रीत मात्र अर्धी खरी ठरली आहे. रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या गावांत जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळायला लावलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. पटकीचा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून राहतो आणि ते जीव कापडात अडकतात, म्हणून हे घडतं. विषमज्वर, आमांश, कावीळ यांचे जंतू त्याच कापडातून आरामात पार होतात. पटकी इतिहासजमा झाली असं समजणाऱ्यांनी मेळघाट आठवावा. २०२२ च्या जुलैत पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत ती पसरली, माणसं दगावली, आणि बोट पुन्हा उघड्या विहिरीच्या पाण्याकडेच गेलं.

पाण्याला खळखळून उकळी आली की मिनिटभरात हे सारे जंतू मरतात. वीस मिनिटं लाकडं किंवा गॅस जाळायचं कारण नाही. खरी चूक पुढे होते. उकळलेलं पाणी उघड्या हंड्यात ओततात, त्यात हातासकट तांब्या बुडवतात आणि सगळी मेहनत वाया जाते. झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं, एवढं तरी प्रत्येक घरात हवं. साबणाने हात धुणं तर इतकं साधं आहे की त्याला कुणी औषध म्हणत नाही. पण शौचानंतर आणि जेवणाआधी हात धुण्याची सवय लागली की जुलाबांचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. एवढा फरक पाडणारी गोष्ट दहा रुपयांच्या साबणात मिळत असताना ती शाळेच्या मोरीवर नसावी, याचं मला फार वाईट वाटतं.

विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची भुकटी, पडली की वासाची तक्रार होते. तो वास म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्याची खूण. क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं तर समाधान मानायचं, नाही झालं तर चौकशी करायची. टीसीएलची पिशवी उघडी किंवा ओलसर जागी राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मागे उरते नुसती पांढरी भुकटी. पाणी गढूळ असेल तर तोच क्लोरीन गाळावर खर्च होतो, म्हणून पावसाळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. आपल्या गावाला यंदा कुठलं मिळालं, हा प्रश्न ग्रामसभेत कुणीही विचारू शकतं, आणि तो बायकांनी विचारावा, कारण पाणी भरतात त्या आणि आजारी पोराची उशीही त्याच बदलतात.

"जुलाब लागलेत, पाणी नको देऊ, आणखी होतील"

या सगळ्या गैरसमजांत जीव घेणारा हा. जुलाबाने मूल दगावतं ते बहुधा जंतूमुळे नाही, अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पाणी तोडलं की शौच कमी होतं, कारण बाहेर टाकायला काही उरलेलंच नसतं, आणि घरच्यांना वाटतं उतार पडला.

यावरचा उपाय आपल्याच देशात, फार हलाखीच्या जागी सिद्ध झाला. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचं प्रमाणात केलेलं मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजत राहायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या त्या मिश्रणाची सुधारलेली आवृत्ती म्हणजे आशाताईच्या पिशवीतलं ओआरएस, जलसंजीवनी.

ते चालतं कसं, हे एकदा कळलं की प्रमाणाला इतकं महत्त्व का, तेही कळतं. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात, जणू साखर मिठाचा हात धरून उंबरा ओलांडते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी येतं. पटकीतही ही वाट शाबूत राहते. पण साखर फार झाली की ती आतड्यातच राहून उलट पाणी बाहेर ओढते. म्हणून पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकायचं नाही, चव यावी म्हणून वरून साखर घालायची नाही. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

नावावर जाऊ नका. फळांच्या चवीची गोड पेयं वर्षानुवर्षं 'ओआरएस' हे नाव मिरवत दुकानात विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध आठेक वर्षं लढा दिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. एका बाईने चिकाटीने केलेलं हे काम देशभरातल्या मुलांच्या कामी येणार आहे. तरीही विकत घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाकिटावर आहे का, ते वाचून घ्या.

सलाइनबद्दलही असाच भ्रम. "एक बाटली लावा, ताकद येईल." साध्या सलाइनच्या एक लिटर बाटलीत नऊ ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. मूल पिऊ शकत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, ग्लानीत गेलं असेल तर ती बाटली प्राण वाचवते. पीत असलेल्या मुलाला तिच्यातून ताकद मिळत नाही. अंजनवेलहून गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात पोचायलाच वेळ लागतो, पुढे चिपळूण म्हणजे आणखी चाळीसेक किलोमीटर. श्रावणातल्या रात्री गाडी मिळेपर्यंत आणि गाडीत बसल्यावरही जलसंजीवनी पाजत राहणं, हाच तोवरचा उपचार.

उपास घडवणंही तसंच चुकीचं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ भात, ताक, केळं, जे मूल खाईल ते थोडं थोडं द्यायचं. कोकणातल्या बायका आजाऱ्याला पेज देत आल्या त्याला शास्त्राचा आधार आहे. तांदळाच्या पिठुळातूनही आतड्याला ग्लुकोज मिळतं आणि तीच वाट उघडते.

"दात येतायत", "बेंबी सरकली"

दात येण्याने जुलाब होत नाहीत. सहाव्या-सातव्या महिन्यात तीन गोष्टी एकदम घडतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, वरचं अन्न सुरू होतं आणि रांगणारं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. दात त्याच वेळी दिसतो एवढंच. "दातांचेच आहेत" म्हणून थांबलेल्या घरांत मूल सुकून जातं.

बेंबी सरकत नाही. आणि बेंबी बसवायला म्हणून पोट जोरात चोळणं धोक्याचं आहे, कारण अपेंडिक्सचं दुखणं बेंबीभोवतीच सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं. नेमक्या त्या तासांत ते पोट कुणी रगडू नये.

"जंतू आहे ना, मग जंतूचं औषध द्या"

लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर प्रतिजैविकं चालत नाहीत. रोटाव्हायरस हा त्यांतला सगळ्यात कुप्रसिद्ध. त्याची लस २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली, २०१९ पर्यंत देशभर पोचली, आणि आता सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे फुकट मिळते. ती चुकवू नये. शौचात रक्त असेल, पटकीचा संशय असेल, विषमज्वर असेल तेव्हा प्रतिजैविक लागतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. मागच्या वेळची उरलेली अर्धी बाटली हे औषध नव्हे. जुलाब थांबवण्याच्या गोळ्या लहान मुलांना कधीच नकोत. त्या आतड्याची हालचाल बंद पाडतात आणि जंतू व विष आतच कोंडतात. झिंकची गोळी मात्र जरूर द्यावी: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यानंतर २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोका त्याने घटतो. घरोघरी हीच गोळी अर्धवट सोडली जाते.

"विडाल पॉझिटिव्ह आली, म्हणजे टायफॉइड"

ही चाचणी १८९६ सालची. फ्रान्सच्या विडाल यांनी ती आणली तेव्हा ती मोठी झेप होती. पण ती जंतू शोधत नाही, रक्तातली प्रतिद्रव्यं मोजते. पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा भलताच ताप असेल तरी ती वर दाखवू शकते. एकाच विडालवर विषमज्वर ठरवून मुलांना आठवडाभर इंजेक्शनं दिली जातात, आणि खरा विषमज्वर पहिल्या काही दिवसांत तिच्यात दिसतही नाही. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करणं हा याहून खात्रीचा मार्ग आहे.

विषमज्वराच्या बाबतीत अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आपल्याच राज्यात घडली. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या मुलांना विषमज्वराची नवी संयुग्म लस टोचण्याची मोहीम घेतली. पहिल्या टप्प्यात एक लाख तेरा हजारांहून अधिक मुलांना ती मिळाली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने ही लस अशा रीतीने देण्याची जगातली ती पहिली वेळ, आणि पुढच्या पाहणीत लस घेतलेल्या मुलांना विषमज्वर बराच कमी झालेला आढळला. बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना सहा ते नऊ महिन्यांच्या वयात ही लस सुचवते. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आणि मे-गणपतीला मुलांना घेऊन गावी येणाऱ्या घरांनी याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं.

"पोट बिघडलं, दोन दिवसांत बरं होईल, त्यात काय"

बहुतेक वेळा होतंही. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात काय झालं ते विसरता येत नाही. आधी जुलाब, आठवडा-दीड आठवड्याने हातापायांतली शक्ती जाणं, काहींना श्वासासाठी यंत्र. गियाँ-बारे सिंड्रोमचे दोनशेच्या आसपास रुग्ण मोजले गेले, त्यांत मुलंही होती. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टरशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती क्वचित आपल्याच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटतात, कारण दोन्हींची रासायनिक घडण काही अंशी सारखी असते. हे फार विरळा घडतं आणि प्रत्येक जुलाबानंतर घाबरायचं कारण नाही. पण जुलाबानंतर काही दिवसांनी मूल जिना चढताना अडखळू लागलं, पायांत मुंग्या येतात म्हणालं, तर "अशक्तपणा आहे" म्हणून घरी ठेवायचं नाही. पुण्यातही तेव्हा पनीर, भात, कोंबडी यांच्यावर संशयाच्या अफवा उठल्या. तपासाचा रोख पाण्यावर होता.

"मोठ्यांना एच. पायलोरी निघाला, आता मुलांचीही तपासणी करून घेऊ"

हा नवा गैरसमज, शिकलेल्या घरांतला. म्हणून त्यावर जरा थांबतो.

पोटातल्या व्रणांना तिखट आणि ताण कारणीभूत, असं वैद्यकातही अनेक पिढ्या मानलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत पिळदार जिवाणू दिसत होते. बॅरी मार्शल यांनी ते वाढवून पाहायचा प्रयत्न केला आणि १९८२ च्या ईस्टरच्या लांबलेल्या सुटीत काचेच्या ताटल्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, तेव्हा प्रथमच ते उगवले. १९८४ साली मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. सुरुवातीला या जिवाणूची गणना पुण्यात सापडलेल्या त्या कॅम्पिलोबॅक्टरच्याच कुळात होत होती. १९८९ मध्ये त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं. तिखटाने व्रण होत नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं. आधीच दुखऱ्या जठराला मिरची झोंबते, एवढंच तिचं काम.

पण शोध मोठा म्हणून चाचणी सगळ्यांना, हे तर्कट मुलांच्या बाबतीत चालत नाही. भारतात हा जिवाणू अतिशय पसरलेला आहे. बहुतेकांना तो पाच वर्षांच्या आतच, बहुधा घरच्याच माणसांकडून मिळतो. तो घेऊन जगणाऱ्या बहुसंख्य मुलांना त्याचा काही त्रास नसतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून आखलेली तत्त्वं स्पष्ट सांगतात की नेहमीच्या पोटदुखीसाठी मुलांमध्ये हा जिवाणू शोधत बसू नये. व्रणाचा सबळ संशय असेल तर दुर्बिणीने जठर पाहावं आणि तुकडा तपासावा. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही न भरून येणारी आणि दुसरं कारण न सापडणारी रक्तक्षीणता असेल, तरी तपासाचा विचार करता येतो. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत रक्तक्षीणतेचा हा मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे, पण आधी आहार, पाळीतला रक्तस्राव आणि जंत यांचा हिशेब लागला पाहिजे.

'फुल बॉडी' पॅकेजमध्ये मिळणारी रक्तातली प्रतिद्रव्यांची चाचणी तर मुलांसाठी निरुपयोगी, कारण जिवाणू गेला तरी प्रतिद्रव्यं मागे राहतात. श्वासाची किंवा शौचाची चाचणी मुख्यतः उपचारानंतर जिवाणू खरोखर गेला का, हे पाहायला वापरतात. त्याआधी किमान चार आठवडे प्रतिजैविकं आणि दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बंद असाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा 'निगेटिव्ह' येतो. उपचार म्हणजे दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी, चौदा दिवस, एकही मात्रा न चुकवता. आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलेला उपचार तगून राहिलेले चिवट जिवाणू मागे ठेवतो, आणि आपल्याकडे या औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण आधीच मोठं आहे. गरज नसलेल्या मुलाला हा उपचार देऊन मिळत काही नाही, त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मात्र मारले जातात. शिवाय फार लहान वयात घरातूनच पुन्हा संसर्ग होतो तो वेगळा.

"पोट दुखतं? जंत असतील. नाहीतर शाळा टाळायचं निमित्त"

जंताची गोळी वर्षातून ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत-शाळेत मिळते, ती घ्यावी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून १० फेब्रुवारीला असतो. पण प्रत्येक पोटदुखीला जंत हे उत्तर नाही, आणि निमित्त हे उत्तर तर मुलावर अन्याय करणारं आहे.

ब्रिस्टलचे डॉ. जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांतल्या एकाला महिनोन् महिने पुन्हा पुन्हा पोटदुखी होती आणि त्यांतल्या फार थोड्यांत शारीरिक विकार सापडला. दुखणं मात्र खरं असतं. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा असते. एखाद्या मोठ्या जुलाबाच्या आजारानंतर आतड्याच्या नसा हळव्या होतात आणि नेहमीचा वायूही दुखू लागतो. परीक्षा, वर्गातली दमदाटी, घरातली भांडणं त्यात भर घालतात. आठवी-नववीतल्या मुली शाळेतलं शौचालय घाण असतं किंवा त्याला कडी नसते म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठ, त्यातून पोटदुखी. अशा मुलीला आम्लाच्या गोळ्या देण्याऐवजी शाळेच्या शौचालयाला कडी आणि पाणी मिळवून द्यायला हवं. पालकसभेत हे बोलायला लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

अ‍ॅप्लींचं आणखी एक निरीक्षण आजही उपयोगी पडतं: दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी शारीरिक विकाराची शक्यता जास्त. त्याशिवाय वजन घटणं किंवा उंची अडणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, शौचात रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, हिरवी उलटी, गिळताना त्रास, न जाणारा ताप, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. चिपळूण तालुक्यातलं कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय किंवा डेरवणचं वालावलकर रुग्णालय गाठावं. जुलाब चालू असताना डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तान्ह्या बाळाची टाळू बसली, तर त्याच रात्री निघावं.

बाकीच्या मुलांसाठी दोन आठवडे वही ठेवावी: कधी दुखलं, बेंबीच्या कुठल्या बाजूला, आधी काय खाल्लं, शौच कसं झालं, शाळेचा दिवस होता की सुटीचा. डॉक्टरांना या वहीतून जेवढं कळतं तेवढं पुष्कळदा सोनोग्राफीतूनही कळत नाही. वजन-उंचीच्या नोंदी अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या कार्डावर असतात, ते कार्डही दवाखान्यात जाताना पिशवीत टाकावं.